रिबिनीवरची रेघ

समजा, हे काम तुम्हाला करायचं आहे.

तुमच्यासमोर मेणाचा एक ठोकळा आहे, अर्ध्या काडेपेटीएवढा. त्याच्या पोटात चिंचोक्याएवढा मांसाचा तुकडा बसवलेला आहे. परवापर्यंत तो कोणाच्या तरी अंगठ्याचा भाग होता. आता या ठोकळ्याचे काप काढायचे. कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ म्हणाल, तर तेही फार जाड झाले. एका मिलिमीटरचे तीनशे भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक काप. उजव्या हातानं यंत्राचं चाक फिरवायचं, डाव्या हातात बारीक कुंचला धरायचा. एक फेरा, एक काप. दुसरा काप पहिल्याच्या कडेला चिकटून येतो, तिसरा दुसऱ्याच्या, आणि ब्लेडवरून एक पारदर्शक रिबीन उतरायला लागते. श्वास जोरात सोडलात तर ती उडून तुमच्याच नाकाला चिकटेल. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेच्या पट्टीवर उचलायची, मग रंग द्यायचा. त्यानंतर डॉक्टर ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि गाठ कोणत्या जातीची ते सांगतात. अंगठा ठेवायचा की काढायचा, हे त्यावर ठरतं.

आणि समजा, त्या रिबिनीवर एक उभी रेघ आली. केसाएवढी, वरपासून खालपर्यंत. काय कराल?

ब्लेड बदलाल. मीही तेच सांगितलं असतं. खरं म्हणजे मी तेच सांगितलं होतं. काप काढणारं हे यंत्र, मायक्रोटोम, दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. भुसावळहून बऱ्हाणपूरला मी वर्षातून दोनदा जातो, त्यात एक मुक्काम शनवारा दरवाजाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचा असतो. तिथे ज्योत्स्ना महाजन काम करतात. ही गोष्ट त्यांची आहे.

ज्योत्स्नाताई सेहेचाळीस वर्षांच्या. बावीस वर्षं त्याच लॅबमध्ये, त्याच खिडकीशी. त्यांचे वडील गांधी चौकातल्या एका सुताच्या दुकानात नोकरीला होते. गावात यंत्रमाग पुष्कळ, त्यामुळे दुकानात दिवसभर शंकूवर गुंडाळलेल्या सुताची कोनं यायची आणि जायची. शाळा सुटली की ज्योत्स्ना दुकानात जाऊन बसायची. वडील दोन धागे तिच्या बोटांत द्यायचे आणि विचारायचे, जाड कुठला? आठव्या वर्षी तिला डोळे मिटून वीस नंबरचं आणि चाळीस नंबरचं सूत वेगळं सांगता यायचं. पुढे बी.एस्सी. झाली, इंदूरला लॅबचा डिप्लोमा झाला. चांदनी गावच्या शाळेत शिकवणाऱ्या प्रभाकर महाजनांशी लग्न झालं. रक्त-लघवी तपासायची नोकरी लागली होती, पण एक दिवस लॅबचे डॉ. योगेंद्र यांनी तिला ठोकळा कापायला बसवलं आणि तिथून तिला कोणी उठवलं नाही.

त्यांच्या पट्ट्या मी पाहिल्या आहेत. मोठ्या शहरांतल्या लॅबमध्येही इतक्या स्वच्छ पट्ट्या मिळत नाहीत. सुरकुती नाही, बुडबुडा नाही, रेघ तर नाहीच. इंदूरला एखादा ठोकळा दुसऱ्या मतासाठी गेला तर तिथले डॉक्टर फोनवर विचारतात, "हे कोणी कापलं?" या एका गोष्टीचा ज्योत्स्नाताईंना अभिमान होता. इतर कशाचाही त्या बोलून दाखवत नाहीत, हाही दाखवत नसत, पण खराब रिबीन त्या कचऱ्यात टाकत तेव्हा त्यांच्या मनगटाला एक झटका असे. भाजीवाल्यानं किडकी भेंडी बाजूला भिरकावावी तसा.

गोष्ट या अभिमानापाशीच अडकते.

जानेवारीच्या शेवटी दापोऱ्याच्या सुकलाल यांची गाठ लॅबमध्ये आली. उजव्या अंगठ्याची, नखाच्या कडेला. बऱ्हाणपुरातल्या एका सर्जननी काढली आणि बाटलीत घालून सुकलाल यांचा मुलगा जीवन याच्या हाती दिली. सोबतच्या चिठ्ठीवर तीन ओळी होत्या: वय चोपन्न, शेतमजुरी आणि केळीची कटाई, गाठ महिनाभरात भराभर वाढली, वर जखम.

सुकलाल यांची ओळख एवढ्यानं होत नाही. दापोरा, जसोंडी, आजूबाजूच्या सगळ्या गावांत केळीची कटाई करणाऱ्या टोळ्या फिरतात. कोणता घड आज उतरवायचा आणि कोणता आठ दिवस ठेवायचा, हे ठरवणारा टोळीत एकच माणूस असतो. सुकलाल बागेत शिरले की हिरव्या केळावरून अंगठा फिरवतात. कच्च्या केळाला धारा असतात, केळ भरत गेलं की त्या बोथट होतात. "बारा आणे भरलं. राहू द्या," असं ते म्हणाले की घड राहतो. व्यापाऱ्याचा माणूस घाई करत असला तरी राहतो. चुकीचा घड उतरला तर दिल्लीला पोचेपर्यंत एक तर काळा पडतो नाही तर पिकतच नाही. पस्तीस वर्षं हे सगळं एका अंगठ्यावर चाललं होतं.

पहिल्या पट्ट्या तयार झाल्या. योगेंद्र सरांनी त्या एकदा बघितल्या, पुन्हा एकदा बघितल्या.

"ताई, पट्टी सुंदर आहे," ते म्हणाले. "आत जे आहे ते सुंदर नाही."

जेलीसारख्या पातळ गरात चांदणीच्या आकाराच्या पेशी विखुरलेल्या होत्या. त्यांची काळजी नव्हती. पण बऱ्याच पेशी विभागण्याच्या मधल्या अवस्थेत होत्या, काहींची केंद्रकं फुगलेली, वर त्वचा फाटून पू झालेला. महिनाभरात वाढलेली गाठ, त्यात इतक्या पेशी वाढताना दिसतायत, मग कोणताही डॉक्टर सावध होतो. सरांनी सर्जनला फोनवर सांगितलं, "सार्कोमा आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही आज म्हणता येत नाही. सोमवारपर्यंत थांबा."

सार्कोमा म्हणजे मऊ मांसातला कॅन्सर. आता फोनवरचं असं वाक्य दापोऱ्याला पोचेपर्यंत काय होतं ते सांगायला नको. शनिवारी सकाळी अकराला सुकलाल, त्यांची बायको गोदाबाई आणि जीवन लॅबच्या बाकावर येऊन बसले होते. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की कॅन्सर आहे, गुरुवारी इंदूरला अंगठा सांध्यापासून काढणार. मोठ्या रुग्णालयाची तारीखही जीवननं मोबाईलवर घेऊन ठेवली होती.

"सर, साफ-साफ सांगा ना," जीवन म्हणाला. तो बऱ्हाणपूरला कॉलेजात शिकतो, त्याचं अर्धं वाक्य हिंदीत असतं. "जो है, सो है. आम्ही झेलून घेऊ."

"तू काय झेलतो रे," गोदाबाई म्हणाल्या. "अंगठा काय तुह्या आहे?"

सुकलाल हातावरच्या पट्टीकडे बघत होते. "अंगठा गेल्यावर मी बागेत जाऊन काय करू, डाक्टरसाहेब? चार बोटांनी राम राम करू केळीले?"

सरांनी त्यांना समजावलं की अजून काहीच ठरलेलं नाही, ते ठोकळा आणखी खोलवर कापून बघणार आहेत. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "या गाठीला आधी कोणी काही केलं होतं का? चुना लावला, केळीचा चीक लावला, डाग दिला, काहीही?"

"नाही सर," जीवन लगेच म्हणाला.

सुकलाल यांनी पट्टीवर दुसरा हात ठेवला. गोदाबाईंनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

ज्योत्स्नाताई त्या वेळी दारातच होत्या. त्या नंतर मला म्हणाल्या, "भाऊ, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. जानेवारीत बंद पंख्याकडे कोण बघतं?"

पण त्यांना कळलं नाही. ते तिघं गेले, आणि ताई यंत्रावर बसल्या. ठोकळा बर्फावर गार करून लावला, चाक फिरवलं. पहिल्याच रिबिनीवर रेघ आली.

त्यांनी ब्लेड बदललं. रेघ. ब्लेडचा कोन पाहिला, तो ठीक होता. मग मला फोन केला. मी तेव्हा जळगावात दुसऱ्या एका यंत्राचे स्क्रू काढून बसलो होतो. म्हटलं, ताई, ब्लेडचं पाकीटच खराब निघालं असेल, दुसरं फोडा. त्यांनी दुसरं पाकीट फोडलं. रेघ आली ती आलीच.

यापुढे त्यांनी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात एका ओळीत सापडेल, पण घाईच्या दिवशी कोणी करत नाही. त्यांनी ठोकळ्यासमोरचं ब्लेड बोटभर डावीकडे सरकवलं, म्हणजे आता ब्लेडचा कोरा भाग मांसासमोर आला. दोष ब्लेडचा असता तर रेघही डावीकडे सरकली असती किंवा गेली असती. ती गेली नाही. मांसात जिथे होती तिथेच आली, त्याच जागी, तेवढीच.

त्यांचे वडील सांगायचे, कापडावर रेघ आली की नवशिका मागवाला मागाला शिव्या घालतो आणि जुना सूत तपासतो. ताईंनी ही गोष्ट बावीस वर्षांत शंभर जणांना ऐकवली असेल. स्वतःच्या यंत्रावर बसून ती आठवायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

आणि त्याबरोबर दुसरंही काही आठवलं. पहिल्या दिवशीही रेघ आली होती. सुरुवातीचे काप स्वच्छ आले, तेच त्यांनी पट्टीवर उचलले; पुढच्या रिबिनीवर रेघ होती म्हणून ती मनगटाच्या झटक्यानं कचऱ्यात गेली. सरांनी जे पाहिलं ते फक्त स्वच्छ काप होते. ज्या कापांवर रेघ होती ते कोणी पाहिलेच नव्हते.

दुपारी चारला त्यांनी रेघ असलेली पट्टी रंगवून सरांपुढे ठेवली.

"सर, ही पट्टी घाण आहे. पण बघा."

"तुमच्या हातची घाण पट्टी? आज सूर्य उत्तरेला असीरगडाकडून उगवला काय?"

ताई हसल्या नाहीत, तेव्हा सर खाली वाकले. रेघ जिथून सुरू होत होती तिथे एक गोल, काचेसारखी चकाकणारी वस्तू होती. रंग तिनं घेतलाच नव्हता. तिच्याभोवती मोठ्या मोठ्या पेशी जमल्या होत्या, शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला गिळायला ज्या जमतात त्या. सरांकडे प्रकाश गाळणाऱ्या दोन काळ्या काचा आहेत. त्यांनी एक पट्टीखाली आणि एक वर धरून फिरवली. सगळं दृश्य अंधारलं आणि ती गोल वस्तू तेवढी पांढरी उजळली.

"केस," सर म्हणाले. मग स्वतःशीच, "पण नखाच्या कडेला केस उगवत नाही."

ताईंनी डोक्यावरचा एक पिकलेला केस उपटला, त्याचा तुकडा पट्टीवर ठेवून शेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली घातला. दोन्ही आळीपाळीनं बघितले. गाठीतला केस दुपटीहून जाड होता. सुताच्या दुकानात वडील विचारत तोच प्रश्न होता, जाड कुठला?

"सर, हा माणसाचा नाही. घोड्याच्या शेपटीचा आहे. आणि पांढऱ्या घोड्याचा, म्हणून बाटलीतला तुकडा कापताना तुम्हालाही दिसला नाही."

बऱ्हाणपूरच्या आसपास चामखिळीच्या मुळाशी घोड्याचा केस करकचून बांधतात. रक्त तुटतं, चामखीळ वाळून गळून पडते. ताईंच्या मानेवर अजून एक फिकट ठिपका आहे, त्यांच्या आईनं बांधलेल्या केसाचा. आणि त्या बांधण्याची एक अट असते, ती ताईंना पाठ होती: ज्यानं बांधला आणि ज्याला बांधला, त्या दोघांनी कोणापाशी बोलायचं नाही. बोललं की गुण जातो, गाठ परत येते. सात वर्षांच्या ज्योत्स्नानं तीन आठवडे शाळेतल्या बाईंनाही सांगितलं नव्हतं, वर्गात मानेला हात लावून बसायची.

चामखीळ असती तर गळून पडली असती. ही चामखीळ नव्हती. केस आत रुतला, वरून कातडी आली, गाठ गुदमरली, सुजली, फुटली. शरीर जखम भरायला लागलं की पेशी भराभर वाढतात. सरांना ज्या वाढणाऱ्या पेशी दिसल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच केसाच्या आसपासच होत्या.

"म्हणजे सर, अंगठा वाचला?"

सरांनी खुर्ची मागे सरकवली. "ताई, केस सापडला म्हणून गाठ चांगली ठरत नाही. केसानं गोंधळ घातला, एवढंच कळलं. खाली कोणती गाठ होती ते अजून कळायचंय. ती केस बांधायच्या आधी किती दिवस होती, हे मला पाहिजे. महिना असेल तर एक गोष्ट, चार वर्षं असतील तर दुसरी. आणि तो माणूस बोलणार नाही."

सोमवारी सकाळी तिघं ठोकळा न्यायला आले. इंदूरला रुग्णाला स्वतःचा ठोकळा सोबत न्यावा लागतो. ताईंनी सुकलाल यांना आत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवलं.

"दादा, तुम्ही काही बोलू नका. मला माहीत आहे, बोलायचं नसतं." त्यांनी पदर थोडा बाजूला करून मानेवरचा ठिपका दाखवला. "माझ्या आईनं बांधला होता. तुम्ही फक्त बघा."

सुकलाल यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि डोळा लावला. किती तरी वेळ त्यांनी तो काढला नाही. पट्टी बांधलेला अंगठा हवेत धरलेला, बाकीची चार बोटं टेबलाच्या कडेला.

"हे माह्याच अंगठ्यातलं?"

"तुमच्याच."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. दारातून गोदाबाई बघत होत्या. त्यांचा धीर सुटला.

"यायले बोलता येत नाई, मले त येते! मले काई बांधलं नाई अन् म्या काई बांधलं नाई. कौतिकनं बांधलं. माह्या भाऊ, लग्नात घोडी देते तो. त्याच्या घोडीच्या शेपटीचा. सव्वा महिना झाला."

"आई!" जीवन ओरडला. "परसों सर पूछ रहे थे तेव्हा बोलायचं ना यार!"

"बोललं त गाठ परत येते."

"आणि अंगठा काढला असता, तो परत आला असता काय?"

सरांनी हळूच विचारलं, "बाई, बांधायच्या आधी गाठ किती दिवस होती?"

गोदाबाईंनी बोटं मोजली. "जीवन बारावीत होता तवापासून. वाटाण्याएवढी. दुखे ना खुपे. चार वर्षं झाले. बांधली मंग फुगली."

"चार वर्षं," सर म्हणाले, आणि त्यांनी ते कागदावर लिहिलं. मग महिनाभरात वाढली असं का सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हा सर्जनला फुगलेलीच दाखवली होती, आणि आधीचं सांगायचं तर केसाचंही सांगावं लागलं असतं.

सुकलाल यांनी टोपी घातली. "झालं बोलून. आता येईल परत."

गुरुवारची तारीख पुढे ढकलली गेली. ठोकळा इंदूरला गेला, सोबत सरांचं दोन पानी पत्र. त्यात केसाचं, चार वर्षांचं, आणि केसापासून दूरच्या पेशी किती शांत आहेत याचं सगळं होतं. तिथे पेशींवर आणखी वेगळे रंग चढवून बघतात. कोणता रंग धरला आणि कोणता नाही, यावरून पेशीची जात ठरते. नऊ दिवस लागले. या नऊ दिवसांत जीवननं ताईंना रोज फोन केला, आणि गोदाबाईंनी रोज त्याच्या हातातून फोन घेऊन विचारलं, "काय म्हणते वं बाई तो रंग?"

अहवालात तीन शब्दांचं नाव आलं: सुपरफिशियल ॲक्रल फायब्रोमिक्झोमा. हातापायाच्या बोटांच्या टोकाला, बहुधा नखाजवळ येणारी, हळू वाढणारी, क्वचित दिसणारी सौम्य गाठ. तिला स्वतंत्र नाव मिळालं ते याच शतकात. योगेंद्र सरांनी आयुष्यात त्याआधी एकच पाहिली होती, तीही शिकत असताना, दुसऱ्याच्या पट्टीत. कॅन्सर नाही. पण पूर्ण काढली नाही तर त्याच जागी परत येऊ शकते, म्हणून राहिलेला भाग काढावा आणि पुढे लक्ष ठेवावं, असंही खाली लिहिलं होतं.

हे सांगायचं काम ताईंकडे आलं. अंगठा राहील हे ऐकून गोदाबाईंनी सुकलाल यांचा हात धरला. सुकलाल यांनी मात्र शेवटचं वाक्य पकडलं.

"परत येऊ शकते, असं कागदावर लिहिलंय?"

"हो, पण ते मुळाशी थोडी राहिली म्हणून..."

"मी काय म्हणत होतो?" ते बायकोकडे वळून म्हणाले. "बोलली ना तू!"

सर्जननी राहिलेली गाठ नखाच्या कडेसकट काढली. मार्चमध्ये सुकलाल लॅबमध्ये आले ते दराबा या बऱ्हाणपुरी मिठाईचा डबा आणि केळाची एक फणी घेऊन. नख वाकडं उगवत होतं. ताईंनी विचारलं, केळं कळतं का? त्यांनी फणीतल्या एका केळावरून अंगठा फिरवला. "एक बाजू बधिर आहे. अर्धं कळते. अर्धं डाव्याले शिकवून राह्यलो." मग फणी टेबलावर ठेवत म्हणाले, "कौतिकची घोडी म्हातारी झाली, आता कोणाले केस देऊ नको, असं सांगतलं म्या त्याले. कायले, ते नाई सांगतलं."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. एप्रिलमध्ये मी यंत्राच्या तपासणीसाठी गेलो, तेव्हा ज्योत्स्नाताईंच्या टेबलावर जुन्या ठोकळ्यांचे ट्रे रचलेले होते. लॅबमध्ये ठोकळे दहा वर्षं ठेवतात. ताईंनी रजिस्टरमधून हाताच्या आणि पायाच्या बोटांवरच्या गाठी शोधून काढल्या होत्या. चौदा निघाल्या. दर रविवारी सकाळी, प्रभाकररावांचा डबा नसतो त्या दिवशी, त्या येऊन एकेक ठोकळा पुन्हा कापत होत्या. योगेंद्र सरांनी परवानगी दिली होती आणि पट्ट्या बघायलाही तेच येत होते. एकदा ते म्हणाले, "ताई, स्वतःला शिक्षा कशाला करताय?" ताई म्हणाल्या, "शिक्षा नाही सर. मोजते आहे."

अकरा ठोकळ्यांत काही नव्हतं. जुने अहवाल बरोबर होते. उरलेल्या तीन ठोकळ्यांत कापायला मांसच उरलेलं नाही. चिमटीएवढे तुकडे होते, तेव्हाच संपले. त्यांच्या पट्ट्या आहेत, सगळ्या स्वच्छ आहेत. त्या तीन पट्ट्या ताईंनी मला दाखवल्या. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण काप इतका नितळ होता की मी सवयीनं म्हणालो, "वा!"

त्यांनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. "ही जसोंडीची एक बाई होती. आठ वर्षं झाली. पायाचं बोट काढलं तिचं."

मी यंत्राचं चाक पुसत होतो. त्यांनी तिचा ठोकळा उजेडात धरला, नुसतं मेण, मध्ये एक रिकामी खाच.

"भाऊ, पट्टी इतकी स्वच्छ आहे, म्हणजे मी निवडूनच घेतली असणार," त्या म्हणाल्या. "मग त्या दिवशी कचऱ्यात काय गेलं?"